डोंग्यावर बेंजो

लग्नसराई सरली की आमची धुमाल पार्टी
होमराजच्या कोठ्यात, म्हशीच्या बाजूला झाकलेली असते.
चार ढोल, एक कॅसिओ, झांजा,
आणि तो बेंजो,
ज्याच्या पोटात त्यानं जुन्या टेलिफोनची चकती बसवली.
तेव्हापासून तो बेंजोसारखा वाजत नाही.
टिनाचं छप्पर कोणी दातानं फाडतंय
तसा वाजतो.

यंदा होमराज मेहेरनं गाणं केलं.
वरातीचं नाही, गणपतीचं नाही,
समुद्राचं.

“का बे, समुद्र पाह्यला का तू?”
“नाई.”
“मंग?”
“तुनं सनम पाह्यली का कधी?
वाजवतं ना रोज.”

गाण्यातल्या जहाजाला शीड आहे धानाच्या ताडपत्रीचं.
कप्तान त्याचा आजा डोमा मेहेर,
जो शिंगाडे काढत म्हातारा झाला,
पवनीचा पूल ओलांडला तो फक्त दात काढायला.
देवमाशाचं वर्णन मात्र सरळ सरळ मरळीचं आहे,
मोठी केलेली.
आणि वादळ यायचं तिथं
शब्दच नाहीत. तिथं आम्ही.

वरातीत कोणी वाजवू देईना.
पुनर्वसनात घराला घर लागून, कोणाचं तरी लेकरू नेहमी झोपलेलं.
म्हणून एका रात्री दोन डोंगे बांबूनं जोडले,
ट्रॅक्टरची बॅटरी मध्ये ठेवली
आणि धरणाच्या पाण्यावर निघालो.

खाली आमचं गाव होतं.
दुधराम बोट दाखवत होता अंधारात:
हे चक्की. हे शाळा. हे तुह्या मोठ्या आईचं अंगण.
विजेचा एक खांब अजून वर होता, कंबरेएवढा.
त्यालाच दोर बांधला.
याच खांबावर आकडा टाकून
पहिल्यांदा वाजवलं होतं आम्ही,
लाइनमन आला तेव्हा ढोल घेऊन पळालो होतो.

मग वाजवलं.
पाण्यावर आवाज लवकर थकत नाही,
हे आम्हाला त्या रात्री कळलं.
पलीकडच्या काठावर कुत्री उठली,
कोणीतरी टॉर्च मारला, शिवी दिली,
शिवीही लांबवर तरंगत गेली.
डोंगे हलत होते, कॅसिओवर पाणी उडत होतं,
मन्साराम ढोल पायात दाबून ओकत होता
आणि वाजवत होता.

बरोबर वादळात बॅटरी मेली.
बेंजो गप्प.
ढोल थोडा वेळ चालले, मग एकेक करून तेही.

होमराजनं वाकून पाण्यात बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
“गोडच हाय अजून,” म्हणाला.
“दोर सोड.”