जिथल्या तिथे

लँडिडनो, फेब्रुवारी, बुधवार सकाळ.
समुद्राकाठच्या नाट्यगृहात चार टेबलं, मध्ये काळे पडदे,
आणि तीन नंबरला अकरा प्रेक्षक.
त्यातली एक बाई विणते आहे;
सुया वाजल्या की मी तिच्याकडे नुसतं बघते.

डेरेक ओल्ड्रॉइड, वय सत्तेचाळीस, क्रमवारीत पासष्टावा.
पहिल्या चौसष्टांनाच पुढच्या हंगामाचं कार्ड.
हे माझ्या डोक्यात असायला नको.
पंचाला गुण माहीत असावेत, माणसं नाहीत.
पण चहाच्या रांगेत तोच म्हणाला,
बायकोनं कुरिअर कंपनीचा फॉर्म भरून ठेवलाय,
सही तेवढी राहिली आहे.

समोर शू बोवेन, अठरा वर्षांचा,
खुर्चीत असा ताठ, की वर्गाबाहेर उभा केलाय.
तीन-तीन. शेवटची फ्रेम.

बोवेननं पांढरा चेंडू ब्राऊनच्या मागे नेऊन लपवला,
मधून जेमतेम कागद जावा.
लाल सगळे दुसऱ्या टोकाला.
डेरेक वाकला, दोन कुशन नजरेनं मोजल्या, मारला.
कशालाच लागला नाही.
फाउल. मिस. चार गुण.

आता माझं काम.
या खेळात एक सोय आहे, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही:
समोरचा म्हणाला, तर चुकीच्या आधीचं जग
परत मांडून द्यायचं. जिथल्या तिथे.
मोज्यातली दोन बोटं, पडद्यावर मघाचं चित्र,
आणि मार्करचा आवाज:
पुढे. पुरे. नाही, किंचित मागे.

मिरजेला आमच्या दुकानात बाबा
तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचे,
केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि मध्येच कुठेतरी तार बोलायला लागायची.
मी त्यांच्या गुडघ्याशी बसून दोरा बघायचे.
ऐकायचं राहूनच जायचं.

दुसऱ्यांदा चुकला. आठ.
तिसऱ्यांदा. बारा.
चौथ्यांदा लालच्या इतका जवळून गेला
की अकरांतल्या एकाच्या तोंडून आवाज निघाला,
त्यानं तो खोकल्यात बुडवला.
सोळा.

मी चेंडू ठेवला. मार्कर म्हणाला, ठीक.
बोवेननं मान हलवली.
डेरेक मात्र कडेशी आला, एक डोळा मिटून बघत राहिला.
"ब्राऊनला अजून खेटून होता," म्हणाला,
आणि दोन बोटांत जे अंतर दाखवलं
त्याला आमच्याकडे सूत म्हणतात.
मी सूतभर हलवला.
होती ती फटही बुजली.

पाचव्यांदा लागला.
झोपलेल्या घराचं दार लोटावं तसा, हलकेच,
आणि तो लाल घरंगळत खिशाच्या तोंडाशी जाऊन थांबला.
बोवेन उठला.
एक. आठ. नऊ. सोळा.
सोळावर माझा आवाज जरा अडकला.
एकसष्टपर्यंत मग नीट मोजलं.

डेरेकनं हात पुढे केला. मी मोजा काढून दिला.
निळ्या खडूचा त्याचा अंगठा माझ्या हातावर उमटला.
"त्या व्हॅनला," तो म्हणाला,
"मागचं दाखवणारा कॅमेरा असतो म्हणे."
आणि क्यूची पेटी बंद करायला खूप वेळ लावला.

संध्याकाळी डोंगरावरच्या रानशेळ्या गावात उतरल्या.
एका हॉटेलचं कुंपण खात होत्या,
कुणी हाकलत नव्हतं.
मी बाकावर बसून राहिले.

दादाशी सहा वर्षं बोलले नाही.
दुकान विकलं त्या दिवशी उंबऱ्यावर मी जे म्हणाले
त्याचं कुठे चित्र नाही, मार्कर नाही.
तो नक्की कुठे उभा होता?
मी आत होते की बाहेर?
त्याला विचारलं तर तोही एक डोळा मिटून
सूतभर वेगळंच सांगेल.

इथे पाच वाजलेत. मिरजेत साडेदहा, जागा असेल.
बोकड चघळायचं थांबून माझ्याकडे बघतोय.
तिसरी रिंग. चौथी.
पाचवी.