न शिवलेली

शारजाच्या खाडीवर, संग्रहालयाच्या मागच्या दाराने
मी आत येतो, खिशात पाना, हातात तक्ता.
बाहेर सेहेचाळीस. आत एकवीस.
सात नंबरच्या काचपेटीत ओलावा बावन्न टक्के.
ताडाची पानं ती; सुकली की कडकन मोडतील,
भिजली की बुरशी.
नऊशे वर्षांपूर्वी बंगालातल्या कुठल्याशा विहारात
कुणी ही पोथी लिहिली, रंगवली.
तिथली हवा आता इथे मी बनवतो.
भद्रावती आयटीआय, रेफ्रिजरेशन, चौऱ्याण्णवची बॅच.

आज पान बदलायचं. तीन महिन्यांनी एक.
बाईंचं नाव मौजा. पहिल्यांदा ऐकून हसू आलेलं,
आमच्या सातबाऱ्यावर मौजा म्हणजे गाव.
ती हातमोजे घालत नाही. बोटांना कळलं पाहिजे, म्हणते.
कोपरापर्यंत हात धुते, पुटपुटते बिस्मिल्ला,
आणि बांबूच्या पट्टीवर पान उचलते.
दाराशी पहाऱ्यावरचा पूर्णरत्न शाक्य टोपी काढतो.
पाटणला त्यांच्या घराण्याकडे पोथी वाचायची पाळी यायची;
वाचून झाली की तिला शेंदूर, दूध, अक्षता.

वरच्या लाकडी फळीवर ते सगळं अजून आहे,
काळपट, चिकट.
मौजाच्या वहीत आधी ‘मळ’, मग खोडलेलं,
मग नुसतं प्रश्नचिन्ह.
खाली चित्र असेल, ती म्हणते.
असू दे, म्हणतो पूर्णरत्न, तिला आतून दिसतंय.

नव्या पानावर मधोमध हिरवी तारा,
चेहरा नखाएवढा.
डोळे पुसट. उन्हाने नाही,
कपाळं टेकून टेकून.
दोन्हीकडे मला न येणारी अक्षरं
आणि अक्षरांमध्ये भोक, दोरा ओवायला.
ही बांधतात, मौजा सांगते, शिवत नाहीत.
मी मनात मराठी करतो आणि तिथेच अडतो.

शिवत नाहीत.
माझा आजा, कवडू रामटेके,
चपलांच्या रांगेपलीकडून चातुर्मासाची पोथी ऐकायचा.
एकदा वाऱ्याने पान उडून त्याच्या पायाशी आलं.
शिवू नको, कुणी ओरडलं. तो वाकलासुद्धा नव्हता.
काठीने ओढून नेलं पान.
छप्पन्न साली नागपूरहून आला तो एक पातळ पुस्तक घेऊन,
पांढऱ्या फडक्यात.
वाचता येत नव्हतं. रोज ओळींवर बोट फिरवायचा,
कधी कधी पुस्तक उलटं.

इथेही पाटी आहे, तीन भाषांत: हात लावू नये.
शेखच्या पोरालाही तीच.
मला तिचा राग येत नाही.

दुसरं टोक धर, मौजा म्हणते.
मी दोनदा हात धुतले. नखांतलं ग्रीस तसंच.
धरलं.
वजन नव्हतंच काही. तरी खांदा भरून आला.

पेटी बंद केली तेव्हा काटा त्रेपन्नवर.
शेऱ्यात लिहिलं: तिघांचा श्वास.
साहेब विचारतील म्हणून खोडलं,
लिहिलं: दार उघडं होतं.