आठवा कागद

लिव्होर्नोच्या बंदरावर, सत्तरच्या दशकात,
मी भिंतींना सिनेमे चिकटवायचो.
बादलीत खळ, काठीला कुंचला, शिडी स्वतःची.
पोस्टरं घड्या घालून यायची, आठ आठ कागदांची,
मागे निळ्या पेन्सिलीने आकडे.
युद्धाचा सिनेमा असो की घोड्यांचा, आठ.
घोड्याचंसुद्धा डोकं पूर्ण असायचं.

हा विनोदी होता. नाव आठवत नाही;
कुणाची तरी बायको, कुणी तरी शेजारी,
मध्ये एक कपाट.
खालून लावत गेलो.
एक-दोनवर लाल टाचांचे बूट,
तीन-चारवर पोटऱ्या, आणि पायांच्या कमानीत
टीचभर पुरुष, चष्म्यावर वाफ, जीभ बाहेर.
पाच-सहावर मांड्या.
सातव्यावर स्कर्टची किनार, आणि आडवं लिहिलेलं :
पोट धरून हसाल!
संपलं.
आठवा नव्हताच.

छापखान्याला फोन केला, कोपऱ्यावरच्या बारमधून, पदरच्या नाण्यांनी.
म्हटलं, नेव्हियो, बाईचं डोकं राहिलंय तुमच्याकडे.
पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग सगळा छापखाना हसला,
यंत्रांच्याही वर ऐकू येईल असा.
"सातच आहेत रे. डोकं घेऊन तू काय करणार?"
मीही हसलो,
नाणं संपेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मासळीबाजाराची भिंत.
एक बाई पिशवी खाली ठेवून उभी राहिली.
"डाव्या गुडघ्यावर खूण होती," म्हणाली,
"सायकलवरून पडल्याची. पुसून टाकली मेल्यांनी."
मी शिडीवर. वरून मला तिचा भांग तेवढा दिसत होता.

आर्जिया. शिंपीण.
फ्लॉरेन्सच्या स्टुडिओत चार तास उभी होती.
तो पुरुष तिथे नव्हताच, मागाहून चिकटवला.
त्याच्या जागी पायांमध्ये झाडांना पाणी घालायची झारी,
"आणि झारीपुढे लाजायचं कसं,
ते मला कुणी सांगेना."
म्हणून वेळ जावा यासाठी तिने एक विनोद सांगितला,
बिशपचा आणि कोंबडीचा.
दिवे धरणारी पोरं लोटपोट.
फोटोवाला म्हणाला, "बाई, तू हसू नकोस, गुडघे हलतात."
दोन पायांचे पैसे मोजून दिले.
विनोदाचे कोण देतं?

सिनेमा तिने तिकीट काढून पाहिला.
त्यात हे पाय कुठेच नाहीत, दुसरीच एक आहे,
तिला सबंध सिनेमात नऊ वाक्यं,
त्यांतली पाच नुसतंच "अय्या!"
ती टॉवेलमध्ये असते.
आग लागते तेव्हाही टॉवेलमध्ये,
पोलीस येतात तेव्हाही.
थिएटर हसत होतं. "माझ्या शेजारची बाईपण,"
आर्जिया म्हणाली, "आणि एकदा, खरं सांगते, मीही."

मग तिने तो विनोद मला सांगितला,
शिडीच्या पायथ्याशी, बिशपचा आवाज काढून,
कोंबडीचाही काढून.
मी पोट धरून हसलो.
शिडी धरायला हात उरला नाही,
बादली कलंडली, लाल बुटांवरून खळ ओघळली.
पिशवी उचलून ती गेली. चालताना डावा पाय जरा ओढत.

आता चार म्हातारे बसतो संध्याकाळचे.
मी ही हकीकत सांगतो, तर विचारतात, पाय कसे होते?
सांगतो. टाचेपासून सांगतो, कागदागणिक सांगतो,
एकही सुरकुती चुकत नाही.
आणि तो विनोद?
बिशप होता. कोंबडी होती. पुढे
काही तरी खुराड्याच्या दाराशी.
आणि ती दिसायला?
बारचा पोरगा पेले पुसता पुसता म्हणतो,
आठवा की, आजोबा, आठवा.

डोळे मिटतो, खालून लावत जातो,
एक-दोन, तीन-चार, पाच-सहा,
सात,
शिडीवर अजून एक पायरी चढतो, कुंचला वर नेतो,
आणि हाताला
मासळीबाजाराच्या विटा लागतात.