दुसरे गुडघे

कोजिमात, पूर्वी मिठागरं होती त्या अंगाला
माझं दुरुस्तीचं दुकान आहे.
एक मशीन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठं,
आणि खिडकीत हातभर समुद्र.

मुकाई पहिल्यांदा आला तेव्हा जीन्स कोरी होती.
खळ अशी कडक, की काढून ठेवली असती
तर माणसाशिवाय उभी राहिली असती भिंतीला टेकून.
"तीन बोटं आखूड कर," म्हणाला,
"आणि धुवायची कधी, ते सांग."
मी म्हटलं, बायको घराबाहेर काढेल तेव्हा.
तो हसला नाही.
खिशातून वही काढून लिहून घेतलं त्याने.

नीळ धाग्याच्या आत जात नाही.
वरवर चढते, कातडीसारखी.
गाभा पांढराच राहतो.
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

बेटांच्या फेरीबोटीवर दोर फेकायचं काम त्याचं.
दोन वर्षांनी आला तेव्हा
डाव्या मांडीवर तिरपा पट्टा उजळला होता,
बरोबर दोराच्या जाडीचा.
जांघेत चुण्या उमटल्या होत्या
(आम्ही इथे त्यांना मिशाच म्हणतो),
आणि मागच्या खिशावर
सिगारेटच्या पाकिटाचा चौकोन.

पाचव्या वर्षी पाकीट गेलं, चौकोन राहिला.
"सोडली," म्हणाला,
"पण हिला कोण सांगणार?"

सातव्या वर्षी
दोन्ही गुडघे एकदम विरले.
निळे धागे झडून गेलेले,
आडवे पांढरे तेवढे लोंबत होते, भिजल्या शेवयांसारखे.
दोर फेकणारा माणूस गुडघ्यांवर बसत नाही.
मी काही विचारलं नाही.
आतून ठिगळ लावलं, वर जवळजवळ टाके घातले,
इतके की बोट फिरवलं तर पेरलेलं वाटावं.
पैसे मोजताना तोच म्हणाला,
"बायकोच्या पायांना तेल लावावं लागतं.
रोज. जमिनीवर बसून."

तो जुना विनोद
मी पुन्हा कुणाशीच केला नाही.

मग बरीच वर्षं नाही.
मग एक मुलगी, कागदी पिशवी घेऊन.
शिओरी. हनुवटी मुकाईचीच.
बाबा आता घरीच असतात,
इलॅस्टिकची पँट बरी पडते त्यांना.
ही मला हवीये.

घालून उभी राहिली आरशासमोर.
वडिलांचे गुडघे
तिच्या नडग्यांवर लोंबत होते,
दोन पांढरे चेहरे, खाली मान घातलेले.
"हे वर सरकवता येतील?"
मी म्हटलं, ते मी शिवलेले नाहीत.

पाय आखूड करायला दुमड उसवली.
आत, इतकी वर्षं घडीत झाकलेला
चार बोटांचा निळा पट्टा,
जसा मागावरून उतरला होता तसाच.
थोडी खळसुद्धा शिल्लक.
दोन्ही पायांचे दोन तुकडे कापून
मी गल्ल्याजवळ ठेवले.
संध्याकाळी भाताचा घास घेताना बघते तर
अंगठा निळा.

ती बालवाडीत शिकवते.
दिवसभर जमिनीवर, रंगखडूंमध्ये, कुणाच्या नाडीपाशी.
परवा बटण बसवायला आली
तेव्हा वडिलांच्या गुडघ्यांच्या वीतभर वर
तिचे उगवू लागले होते,
अजून मळकट, अजून खात्री नसल्यासारखे.
एका जीन्समध्ये चार गुडघे.
मी चाळीस वर्षं हे काम करते,
पण दोन माणसं एकाच वेळी
एकाच कापडात टेकलेली
मी बघितली नव्हती.

जाता जाता दारातून वळली.
"बाबांची एक वही सापडली.
जीन्सचंच सगळं. कुठे काय फाटलं, किती दिले.
पहिल्या पानावर फक्त लिहिलंय,
बायको घराबाहेर काढेल तेव्हा.
हे काय असेल हो?"

बटणाचा दोरा अजून माझ्या दातांत होता.
तो तोडायला मी उगाच वेळ लावला.