दगडाचं तोंड

बझारगेटच्या गल्लीत नऊ इंची पाइप फुटला म्हणून खणलं,
तर साडेपाच फुटांवर पहार वाजली.
काँक्रीटवर वाजते तशी नाही,
खाली कुणी दात आवळून धरल्यासारखी.

नकाशात तिथे काहीच नव्हतं.
एक टेलिफोनची केबल, एक मेलेली गॅसची नळी,
आणि माझ्या आधीच्या अभियंत्याने
पेन्सिलीने काढून ठेवलेलं प्रश्नचिन्ह.

यल्लप्पा मुकादम आत उतरला.
दगड ओल्या फडक्याने पुसला,
शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तसा.
टाकीचे घाव अजून तिरपे.
म्हणाला, डावखुरा होता.
मग सांध्यातला चुना नखाने खरवडून जिभेला लावला.
गूळ हाय ह्यात साहेब. बेलफळ बी आसंल.
मी वहीत लिहिलं: जुने बांधकाम. अडथळा.

तसं मला ठाऊक होतं.
कोट होता, खंदक होता, तीन दरवाजे,
चर्चगेटला तेव्हा लोक पवनचक्की म्हणायचे.
दिवस बुडाला की दारं बंद.
उशीर झालेला माणूस
आतल्या दिव्यांकडे बघत रात्र काढायचा.
मग शहराला कोट आखूड झाला, पाडला.
माणसं अजून गेट म्हणतात
आणि म्हणताना कुणी दार शोधत नाही.

हे सगळं ठाऊक होतं. वरून.

पण यल्लप्पा म्हणाला,
दगडाला तोंड एकच आसतं.
पाठ कशी बी चालती, ती गाडायचीच.
तोंड मातर बघणाऱ्याकडं.
ह्याचं तोंड उत्तरेला हाय.
म्हंजे आपण भाईर.

सात जण होतो खड्ड्यात, सगळे बाहेर.
फुटक्या पाइपाचं पाणी घोट्यावरून पोटरीला आलं,
तेव्हा कळलं, आपण खंदकात उभे आहोत
आणि तो पुन्हा भरतोय.
कुणी हसलं नाही. वरून चहा आला,
किटली भिंतीच्या माथ्यावर ठेवली,
जागा त्याच मापाची होती.

ब्रेकर मागवता आला असता.
साहेब फोनवर म्हणाले, तोडा की.
मी म्हणालो, मशीन कुलाब्यात अडकलंय.
ते कुठे अडकलेलं नव्हतं.
रात्री अडीचला दोन बेंड टाकून
पाइप भिंतीच्या कडेने वळवला, माती लोटली,
वर डांबर. बिलात: बेंड नग दोन, जादा.

आता दर महिन्याला पिलूबाई दुबाश यांची तक्रार येते,
तिसरा मजला, नळाला जोर नाही.
एकदा खरं सांगून टाकलं,
वाटेत एक भिंत आहे, पाणी वळसा घालतं.
त्या कठड्यावरून गल्लीत बराच वेळ बघत राहिल्या,
स्कूटर, उसाचा गाडा, झोपलेलं कुत्रं.
कसली भिंत, म्हणाल्या,
माझा बपावा पण इथेच राहायचा. आतमध्ये.