ही बाजू वर

पहिली गोष्ट, मावशी, टीव्ही झोपवायचा नाही.
माणसाला आडवं पडलं की बरं वाटतं, ह्याचं उलटं असतं.
काच आपल्याच वजनानं मधून चिरते
आणि वरून काहीच दिसत नाही.
लावल्यावर कळतं.

चांगुणाबाई मान हलवतात.
बत्तीस इंची, आत्ताच भिंतीवरून उतरवलेला,
त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा आहे.
मूळ खोक्यात तीन वर्षं कोंबडी खुडूक बसायची,
म्हणून परभणीतल्या शोरूमातून मी दुसरं आणलं,
चाळीस इंचीचं. त्यावर एक गोरी बाई हसते.

परमेश्वर बंगळूरहून फोनवर: आई,
हिथं पंचावन्न इंची हाय. तिकीट तुझं काढलंय,
टीव्हीचं नाही.
त्या फोन माझ्याकडं देतात. खाजाभाय, तुमीच सांगा.
मी काय सांगणार. मी दुरुस्तीवाला.
म्हणलं, पॅकिंग पक्कं करतो.

काचेवर आधी फोमचा कागद. मग पुठ्ठा.
मग गोधडी, पण टाक्यांची बाजू बाहेर,
गाठ टोचायला नको.
कोपऱ्यांना थर्माकोल. मार कोपऱ्यालाच बसतो.
मधल्या फटीत भरायला त्यांनी घरातून
सरकी काढलेला कापूस आणला, पाटीभर.
नको, म्हणलं, तंतू मागच्या जाळीतून आत जातात.
पाटी तशीच धरून त्या उभ्या.
ह्याच्यावरच तर घेतलाय त्यो, म्हणाल्या.
तीन हंगाम वेचला.

मग पत्र्याच्या पेटीतून पिशवी, पिशवीतून पिशवी,
तिच्यातून बिल. शाई उडालेली,
नाव तेवढं कार्बनच्या निळ्यात राहिलेलं:
चांगुणाबाई किशन धापसे.
रान दिराच्या नावावर. घर ह्यांच्या, ते गेले तरी त्यांच्याच.
गॅस सासूच्या.
मी एवढ्याच कागदावर हाय, बघा.

मी थोडा कापूस घेतला.
रिमोटचे सेल काढले, रिमोट त्यात गुंडाळला.

मोंढ्यात आडतीच्या काट्यावर चढवला,
हरभऱ्याच्या पोत्यांच्या मधी.
बारा किलो सहाशे. पंधरापर्यंत चालतं.
हमाल म्हणला, काय भाव?
मार्करनं चारी बाजूंना बाण काढले,
ही बाजू वर, ही बाजू वर,
आणि बाईच्या दातांवर मोठ्या अक्षरात
बिलावरचं पूर्ण नाव.

वसमतमार्गे नांदेड, जीपमधी, दोघांच्या गुडघ्यांत उभा.
खड्डा आला की त्या खोक्याला धरायच्या
आणि मी त्यांना.
विमानतळाच्या दारात शिपायानं मला थांबवलं.
तिकीट नाही तर आत नाही.
काचेतून दिसत होतं तेवढं बघितलं:
ढकलगाडी, खोकं, हिरवं लुगडं, मग खांब.

पुढचं त्यांनीच फोनवर सांगितलं.
खिडकीवरचा पोरगा म्हणला, आत काय?
टीव्ही.
जुना?
माझा.
मग त्यानं कागद दिला, फुटला तर कंपनी जबाबदार नाही.
अंगठा नको म्हणलं बाबा, सही येते मला.
लाइन लई लांब होती, खाजाभाय,
लोक मागून च् च् करायले होते,
पण मी पूर्ण नाव लिवलं.

फुटला का नाही ते सांगेचनात.
मीच विचारलं.
त्यो? बराय की. भिंतीला टेकून उभा हाय माझ्या खोलीत.
तुम्ही म्हणलाव ना झोपवू नका.
पण त्येचे पाय कुठं बसवायचे? पाय हाइत, स्क्रू न्हाइत.

शर्टाच्या खिशात हात घातला.
चार. आठवडाभर माझ्यासंगं हिंडायलेत,
एकदा धुऊन पण निघाले.

काडेपेटीत घातले, वरून चिमूटभर कापूस,
वाजू नयेत म्हणून.
कुरिअरवाला पोरगा खोक्याकडं बघतो.
आत काय?
स्क्रू. चार.
किंमत किती लिहू, चाचा?