कान दिसले पाहिजेत

दाभोळच्या जेटीवर माझं दुकान,
छाया फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन.
आणि नियम असा की मागे छाया पडता कामा नये.

पस्तीस बाय पंचेचाळीस, मागे पांढरी चादर.
दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात अजिबात नाहीत.
मुनाफ हमदुले स्टुलावर बसला.
अंगात भावाचा शर्ट, कॉलर एका बाजूला उठलेली,
नखांत डिझेल. ते फोटोत येत नाही.
म्हटलं, हलू नकोस.
म्हटलं, बर्फातल्या बांगड्यासारखा बघ.
आणि नेमका तेव्हाच धोपाव्याच्या फेरीबोटीने भोंगा दिला
आणि जेटीवरचं लंगडं कुत्रं
रोजच्यासारखं त्याच सुरात रडलं.
मुनाफचे ओठ सूतभर हलले.
मी पाहिलं. वाटलं, चालून जाईल.

त्याला जायचं होतं एका बेटावर
तिथल्या गोदीत इंजिनं खोलायला.
नाव त्याच्या आईला अजून घेता येत नाही,
मलाही अर्जात बघून बघून लिहावं लागलं.
त्या बेटाची वकिलात आपल्याकडे नाही म्हणे,
आहे ती काठमांडूला.
म्हणजे समुद्रापलीकडे जायची परवानगी मागायला
खाडीच्या तोंडाशी जन्मलेला माणूस
डोंगर चढून गेला,
जिथे भरती-ओहोटीचं कुणाला काही विचारावं लागत नाही तिथे.

बॅगेत करारपत्र, पोलिसांचा दाखला,
रेनकोटात गुंडाळलेला छातीचा एक्स-रे,
आणि आईने दिलेले पाव किलो सोडे,
कागदांना वास लागू नये म्हणून तीन पिशव्यांत.
लागलाच.

चौथ्या दिवशी फोन.
"भाऊ, इथे हवेला चव नाय.
ओठ चाटले तर नुसते ओठ."
पहाटे पाचपासून रांगेत होता.
पुढे एक तिथलाच पोरगा, त्याच गोदीत चाललेला,
समुद्र कधी न बघितलेला.
तो विचारत होता, खारट म्हणजे किती खारट?
मुनाफ म्हणाला, डोळ्यात गेलं की कळतं.

खिडकीतल्या बाईने काचेवर बोटं टेकायला सांगितली.
उमटेनात.
दोर ओढून ओढून गुळगुळीत झालेली.
तिने ओला रुमाल दिला, मग क्रीम दिलं,
मग अंगठ्यावर काहीतरी आलं एकदाचं,
फाटलेल्या जाळ्याच्या कडेला उरतं तेवढं.
मग तिने फोटो उचलला,
उजेडात धरला,
आणि फटीतून परत सरकवला.
हसतोय, म्हणाली.

मी गप्प.
फोनमध्ये मागे कुठेतरी घंटा वाजत होती.
"तुमची चूक नाय, भाऊ. कुत्र्याची."

तिथल्याच गल्लीत एका म्हाताऱ्याने दुसरा काढला.
तो मी बघितला नाही.
त्याच्यावर शिक्का बसला,
आणि मुनाफ तिथूनच परस्पर उडाला.
दाभोळ वाटेत लागत नाही.

काल कुलसुमबी आल्या,
ओढणीच्या टोकाला गाठ, गाठीत पन्नासची नोट.
"त्याचा एक फोटो हाय ना तुमच्याकडं?"
म्हटलं, आहे, पण तो नापास झालेला.
"त्योच द्या. मोठा करून."

आठ बाय दहा केला.
तेव्हा दिसलं,
उजव्या कानामागे, चादरीच्या चुणीवर,
सावली आहे.
बारीकशी, बाईच्या नजरेतून सुटलेली.
कॉम्प्युटरवर पुसायला घेतली,
तेवढ्यात फेरी लागली,
गिऱ्हाईक आलं, आधारच्या दोन प्रती, दोन्ही बाजू,
सुट्ट्या पैशांवरून थोडी कटकट.
राहिली ती.

पन्नासची नोट गाठीची चुरगळ घेऊन
गल्ल्यात वर पडलीय.
तिच्याने कुणाला सुटे देववत नाहीत.